परत दिलेला देह

परकायाप्रवेशाची गोष्ट ऐकताना आपलं सगळं लक्ष प्रवेशाकडे असतं. कोण कुणाच्या देहात शिरला, घरच्यांना कधी कळलं, खरा कोण आणि तोतया कोण. मला मात्र या गोष्टींमधला परतीचा क्षण जास्त मोलाचा वाटत आला आहे. देह ज्याचा त्याला परत मिळतो, तेव्हा तो गेला होता तसाच मिळतो का? आणि दुसऱ्याच्या देहात राहून आलेला माणूस पूर्वीचाच राहतो का? माझं उत्तर आहे, नाही. राहून गेलेल्याचं काहीतरी त्या देहात मागे उरतं, आणि त्या देहातलं काहीतरी तो सोबत घेऊन निघतो. एवढंच मला सांगायचं आहे. पण ते नीट सांगायचं तर एका अमेरिकन मालिकेपासून नाथांच्या पोथीपर्यंत जावं लागतं, आणि वाटेत आमच्या उलव्याची टेकडीही लागते.

सुपरहिरोंच्या मालिका वर्षानुवर्षं चालतात. त्यांतल्या बऱ्याच मालिकांमध्ये कधी ना कधी असा एक भाग येतो की नायकाचं मन दुसऱ्याच्या, बहुधा खलनायकाच्याच, देहात जातं आणि त्याचं याच्या देहात येतं. प्रेक्षकाला पक्कं माहीत असतं की पाऊण तासात सगळं पूर्ववत होणार. पुढच्या आठवड्यात नायक नायकाच्या जागी आणि खलनायक त्याच्या जागी हवा, नाहीतर मालिका पुढे कशी जाणार? त्यामुळे असे भाग पुष्कळदा गंमत म्हणूनच लिहिले जातात. नटांना एकमेकांच्या लकबी उचलायला मिळतात, घरोघरी हसू होतं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळा हिशेब चुकता केला जातो. मला मोल वाटतं ते हा हिशेब पूर्ण चुकता न करणाऱ्या लेखकांचं.

'स्मॉलव्हिल' ही अशी एक मालिका. सुपरमॅन होण्याआधीचा क्लार्क केंट, कॅन्ससमधलं त्याचं गाव, त्याचे शेतकरी आईवडील आणि शेजारच्या वाड्यात राहणारा लेक्स ल्यूथर यांची ही कथा 2001 ते 2011 अशी दहा हंगाम चालली. तिच्या चौथ्या हंगामातला 'ट्रान्सफरन्स' हा भाग 27 ऑक्टोबर 2004 रोजी अमेरिकेत दाखवला गेला. लेक्सचा बाप लायोनेल ल्यूथर तेव्हा तुरुंगात आहे. स्वतःच्या आईबापाच्या खुनाचा ठपका त्याच्यावर आहे, यकृताच्या आजाराने तो मरणाच्या दारात आहे, आणि ज्या लांब केसांवरून तो ओळखला जायचा ते तुरुंगात शिरताच भादरले गेले आहेत. त्याच्या हाती एक परग्रहावरचा दगड लागलेला असतो. त्या दगडाच्या बळावर त्याला मुलाच्या तरुण, निरोगी देहात शिरायचं असतं आणि मुलाला आपल्या मरणाऱ्या देहात कोंडायचं असतं. बापाने मुलाचं तारुण्य मागून घ्यावं, ही ययातीची गोष्ट आपल्याला नवीन नाही. पण ययातीने मागितलं तरी होतं, आणि पुरूने ते आपल्या खुशीने दिलं होतं. लायोनेल विचारतही नाही. ऐन वेळी क्लार्क मधे पडतो, आणि बापलेकांत व्हायची अदलाबदल लायोनेल आणि क्लार्क यांच्यात होते.

आता पाहा, कुणाच्या वाट्याला काय आलं. लायोनेलला असा देह मिळाला की ज्याला गोळी लागत नाही, आग जाळत नाही, आणि जो धावू लागला तर डोळ्यांना दिसत नाही. क्लार्कला मिळाला तुरुंगाच्या कपड्यांतला, टक्कल केलेला, आतून सडत चाललेला म्हातारा देह. शक्ती सगळी देहाबरोबर गेली. इथे मालिकेच्या लेखकांनी एक फार महत्त्वाची गोष्ट सहज दाखवून दिली. एरवी सुपरहिरो आणि त्याची शक्ती यांना वेगळं करून पाहता येत नाही. शक्ती काढून घेतली तर तो नुसता दुबळा होतो, आणि त्यावरून त्याच्या थोरपणाबद्दल फारसं काही कळत नाही. पण तीच शक्ती दुसऱ्याच्या मनाखाली ठेवली की लगेच कळतं, क्लार्क नायक होता तो कशामुळे.

तो नायक होता तो आवर घालण्यामुळे. लहानपणापासून जोनाथन आणि मार्था केंट यांनी त्याला शिकवलं ते काय? कुणाचा हात जोरात धरू नकोस, दार ओढताना जपून, खेळात कुणाला इजा व्हायला नको. फुटबॉल खेळायलाही बाप आधी परवानगी देत नव्हता. चौथ्या हंगामात तो अखेर मैदानात उतरतो, आणि सगळ्यांपेक्षा बलवान असलेला हा मुलगा सगळा वेळ स्वतःला रोखत खेळतो. त्या संयमाची त्याला इतकी सवय झालेली आहे की तो पाहणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. लायोनेल त्या देहात शिरतो आणि संयम नाहीसा होतो, तेव्हा तो होता हे आपल्या लक्षात येतं. क्लार्कचा खांदा तोच, जबडा तोच, शर्टही तोच, पण आईकडे पाहणारी नजर भलतीच. मार्था केंट ही लायोनेलच्या मनात घर करून बसलेली स्त्री आहे, तिने एकेकाळी त्याच्या कचेरीत कामही केलेलं आहे. आपल्याच मुलाच्या चेहऱ्यातून एक परका पुरुष आपल्याकडे पाहतो आहे, हे त्या आईला कळायच्या आधी तिच्या अंगाला कळतं. ती किंचित मागे सरते. या भागातलं मला सगळ्यात खरं वाटलेलं काही असेल तर ते हे.

क्लार्कचं काम करणाऱ्या टॉम वेलिंग या नटाबद्दल तो साधाभोळा दिसतो, फारसं काही करत नाही, अशी तक्रार होत असे. या भागात त्याने ओठाचा एक कोपरा वर उचलला, बोलण्याआधी अर्धा क्षण थांबायला सुरुवात केली, आणि इतकी वर्षं तो काय काय जाणूनबुजून करत नव्हता ते एकदम उघड झालं. दुसरीकडे जॉन ग्लोव्हर. लायोनेलच्या देहातल्या क्लार्कचं काम करताना त्याने खांदे सैल सोडले, डोळ्यांत एक गोंधळलेला प्रामाणिकपणा आणला. तो म्हातारा कैदी बघता बघता एखाद्या शाळकरी पोरासारखा वाटू लागतो. पुढे जे घडतं त्याची मुळं मला ग्लोव्हरच्या या खांद्यांत दिसतात.

कारण शेवटी देह ज्याचे त्याला परत मिळतात, आणि तिथेच ही मालिका आपला नेहमीचा करार मोडते. लायोनेल स्वतःच्या देहात परततो तो बरा होऊन. यकृताचा आजार गेलेला असतो. थोडा काळ एक निरोगी जीव त्या देहात राहून गेला, आणि जाताना आपलं थोडं आरोग्य तिथे सोडून गेला. पण त्याहून मोठी गोष्ट ही की लायोनेलच्या वागण्यातला विखार ओसरतो. त्याला पश्चात्ताप होऊ लागतो, मुलाशी नीट वागावंसं वाटू लागतं. क्लार्कने त्याला काही शिकवलं नव्हतं, उपदेश केला नव्हता. तो फक्त तिथे राहिला होता.

हे कसं होईल, असं कुणी विचारेल. मला यात अशक्य काही दिसत नाही. आपण मन आणि देह यांना फारच वेगवेगळं समजतो. पण राग आला की मुठी वळतात, आणि रोज मुठी वळत राहिल्या की राग लवकर येऊ लागतो. वर्षानुवर्षं कपट केलेल्या माणसाच्या मानेला, पापण्यांना, श्वासाला कपटाची सवय लागलेली असते. त्याच मानेने, त्याच पापण्यांनी एक दिवस कुणी सरळ पाहिलं, तर त्या देहाला प्रथमच कळतं की असंही पाहता येतं. संस्कार मनावर होतात असं आपण म्हणतो खरं, पण नमस्कार कसा करायचा, ताटात किती वाढून घ्यायचं, आजारी माणसाशी किती हळू बोलायचं, हे सगळं मुलांना शिकवलं जातं ते हातापायांना आणि गळ्याला. मनापर्यंत ते तिथूनच पोचतं. लायोनेलच्या देहावर क्लार्कचा असा एक संस्कार झाला. तो पुरा टिकला नाही, हंगाम संपायच्या आत तो बराचसा जुन्या वाटेला लागलेला दिसतो. तेही मला पटतं. इतक्या थोड्या काळाचा संस्कार एवढ्या जुन्या सवयींपुढे किती दिवस तग धरणार? पण तो झालाच नव्हता असं म्हणता येत नाही.

इथे लेक्सचा विचार करायला हवा. बाप बदलला आहे हे त्याला पटतच नाही. आयुष्यभर ज्याने डाव टाकले तो आज माया करतो आहे, म्हणजे हाही डावच असला पाहिजे, असं तो धरून चालतो. चांगुलपणा हाच त्याला संशयाचा पुरावा वाटतो.

हाच संशय आपल्याकडच्या एका जुन्या गोष्टीतही आहे, आणि तिथे तो आणखी स्पष्ट आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत विभूतिपादात परशरीरात शिरण्याची सिद्धी सांगितली आहे. शंकराचार्यांनी ती वापरल्याची कथा माधवाच्या 'शंकरदिग्विजया'त येते. मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती वादात कामशास्त्राचे प्रश्न विचारते, संन्याशाला उत्तर देता येत नाही, तो मुदत मागून घेतो. अमरुक नावाचा राजा नुकताच मेलेला असतो, आचार्य आपला देह गुहेत शिष्यांच्या पहाऱ्यात ठेवून राजाच्या देहात जातात. राजा उठून बसतो, आणि राज्याचा कारभार एकदम सुधारतो. मंत्री हुशार आहेत. ते आपापसांत बोलतात की आपला राजा एवढा शहाणा नव्हता, नक्की कुणीतरी योगी त्याच्या देहात आला आहे. मग ते काय करतात? राज्यात कुठे बेवारस देह सापडला तर जाळून टाका, अशी आज्ञा सोडतात. म्हणजे आलेल्याला परतीची वाट राहणार नाही. इतका चांगला राजा कोण परत पाठवील?

आणि आचार्य स्वतः? ते मुदत विसरतात. शिष्यांना दरबारात जाऊन त्यांना स्वतःची आठवण करून द्यावी लागते. अद्वैत सांगणाऱ्या, देह म्हणजे मी नव्हे हे ज्यांच्या तत्त्वज्ञानाचं पहिलं वाक्य असावं, त्या आचार्यांनाही दुसऱ्याचा देह ओढून नेतो, असं ही कथा निर्भयपणे सांगते. कथेचं धाडस मला फार मोठं वाटतं.

आमच्याकडे उलव्यात, पनवेल-उरणच्या पट्ट्यातल्या गावांसारखंच, श्रावणात 'नवनाथ भक्तिसार' वाचलं जातं. जुन्या आगरी-कोळी घरांत ते पूर्वीपासून आहे. आता सेक्टरांमधल्या इमारतींतही कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यात चौरंग मांडलेला, त्यावर लाल कापडात पोथी, शेजारी समई आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चपलांची दाराबाहेर रांग असं दृश्य दिसतं. धुंडीसुत मालूने शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली, चाळीस अध्यायांत ही पोथी पुरी केली. सुपरहिरो म्हणून जे काही जगात आहे ते सगळं तिच्यात आहे. उडणं, अदृश्य होणं, भस्माच्या चिमटीने सैन्य अडवणं. आणि त्यातच देहबदलाचा एक प्रसंग आहे, जो मला या विषयावरचा सगळ्यात खोल प्रसंग वाटतो.

मच्छिंद्रनाथ आणि गोरक्षनाथ प्रयागला येतात तेव्हा तिथला राजा त्रिविक्रम वारलेला असतो. प्रजा धाय मोकलून रडते आहे. ते पाहून गोरक्षाचं मन द्रवतं. राजाला उठवणं शक्य नसतं, कारण त्याचा जीव ब्रह्मरूप होऊन गेलेला असतो. शेवटी शिष्याच्या हट्टाखातर मच्छिंद्र त्या देहात बारा वर्षं राहायचं कबूल करतो. त्याचा स्वतःचा देह शिवालयात लपवून ठेवला जातो. राजा जिवंत झाला म्हणून नगरात आनंदीआनंद होतो. राणी रेवती त्याच्याबरोबर संसार करते, तिला मुलगा होतो.

मग गोरक्ष तीर्थयात्रेला जातो, आणि इकडे रेवतीला देवळातल्या गुरविणीकडून खरी हकीकत कळते. तिच्यापुढे प्रश्न उभा राहतो. बारा वर्षं भरली की हा निघून जाणार आणि आपण पुन्हा विधवा होणार. ती निर्णय घेते. लपवून ठेवलेला मच्छिंद्राचा देह बाहेर काढायला लावते, त्याचे तुकडे करवते आणि रानात टाकून देववते. शंकराचार्यांच्या गोष्टीत मंत्र्यांनी जे राज्यासाठी केलं, ते ही बाई आपल्या संसारासाठी करते. पोथी तिला खलनायिका ठरवत बसत नाही. मलाही तिचा राग येत नाही. ज्या देहाला तिने नवरा मानलं त्याच्याशी तिचा संसार खरा होता, आणि परत जायच्या वाटेचा तिला धाक होता.

देहाचे तुकडे पुढे कैलासावर पोचतात, वीरभद्र त्यांची राखण करतो, परतलेल्या गोरक्षाला त्याच्याशी लढून ते सोडवावे लागतात. तुकडे जोडले जातात, मच्छिंद्र आपल्या देहात येतो, त्रिविक्रमाच्या देहाचा अंत्यविधी होतो. वरवर पाहता सगळं जागच्या जागी. पण एक माणूस शिल्लक आहे, जो या अदलाबदलीखेरीज जन्मालाच आला नसता. रेवतीचा मुलगा धर्मनाथ. देह त्रिविक्रमाचा आणि जीव मच्छिंद्राचा, मग हा मुलगा कुणाचा? पोथी त्याला राज्यावर बसवते, म्हणजे देहाच्या बाजूने त्याचा हक्क मानते. आणि पुढे गोरक्ष येऊन त्याला नाथपंथाची दीक्षा देतो, म्हणजे जिवाच्या बाजूनेही तो हक्क मानला जातो. प्रश्न सोडवण्यापेक्षा दोन्ही उत्तरं खरी धरून पुढे जाण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. 'ट्रान्सफरन्स'च्या लेखकांना जे लायोनेलच्या बऱ्या झालेल्या यकृतातून सांगावं लागलं, ते मालूच्या पोथीने एका मुलाच्या रूपात सांगितलं होतं.

या गोष्टीतला गोरक्ष नेहमी विसरला जातो. परकायाप्रवेशाला दोन माणसं लागतात, एक जाणारा आणि एक मागे राहिलेला देह राखणारा. राखणारा दूर गेला की काय होतं, ते उलव्यात राहणाऱ्याला पोथीवाचून कळतं. नवी मुंबई विमानतळासाठी 1160 हेक्टर जमीन लागली. दहा गावं उठली. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली, चिंचपाडा, कोपर आणि बाकीची. माणसं करंजाडे-वडघरकडे, पुष्पकनगरच्या भूखंडांवर आणि उलवे नोडमध्ये गेली. नव्वदएक मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली, तिचाच दगड भरावात घातला. उलवे नदीला नवं पात्र खोदून दिलं. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरला विमानं उडू लागली. नाव मात्र राहिलं. आज 'उलवे' म्हटलं की बामणडोंगरी आणि खारकोपर स्थानकांच्या मधले टॉवर, अटल सेतूकडे जाणारा रस्ता, जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या सोसायट्या डोळ्यांपुढे येतात. जीव जुना, देह नवा. फरक एवढाच की इथे परत जायला मागे काही ठेवलेलं नाही.

तरीही मी जे म्हणतो आहे ते इथेही लागू पडतं. नव्या देहात आलेल्या नावाने इथल्या माणसांना काहीतरी लावून दिलं आहे. सोलापूर, सातारा, मुंबईच्या चाळी, उत्तर प्रदेश, केरळ अशा कुठून कुठून आलेली कुटुंबं पाच-सात वर्षांत 'आमच्या उलव्याला' असं म्हणू लागतात, आणि गावदेवीच्या जत्रेला वर्गणी देतात. ज्या गावाची ती देवी, ते गाव त्यांनी पाहिलेलंही नाही. भराव घातलेल्या जागी पावसाळ्यात पाणी साचलं की जुनी माणसं बोट दाखवून सांगतात, इथून खाडीचा फाटा जायचा. नदीला नवं पात्र दिलं, पण जुनं पात्र कुठे होतं ते पाणी अजून विसरलेलं नाही.

देह विसरतो की नाही, हा प्रश्न मराठी वाचकाला वेताळानेही घातला होता, जरी विक्रमाचा निवाडा उलटा होता. 'चांदोबा'मधला विक्रम आणि वेताळ ज्यांनी वाचला त्यांना ती गोष्ट आठवेल. बाईने घाईत नवऱ्याचं डोकं दुसऱ्याच्या धडावर आणि त्या दुसऱ्याचं नवऱ्याच्या धडावर बसवलं, तर नवरा कोण? विक्रमाचं उत्तर आहे, डोकं ज्याचं तो. गिरीश कर्नाडांनी 1971 मध्ये 'हयवदन' लिहिलं तेव्हा त्यांनी नेमका हा निवाडा उकरून काढला. मराठी रंगभूमीवर विजया मेहतांनी ते नाटक आणलं. त्यात डोकी बदललेले दोन मित्र हळूहळू आपापल्या जुन्या देहांवर येतात. अभ्यासू डोक्याच्या देवदत्ताचं कमावलेलं अंग मऊ पडतं, रांगड्या कपिलाचं मऊ अंग पुन्हा कणखर होतं. म्हणजे डोकं जिंकतं. पण कर्नाड तिथे थांबत नाहीत. डोकं जिंकलं तरी कपिलाच्या अंगाला काही स्पर्श आठवत राहतात, ज्यांची ओळख त्याच्या डोक्याला नाही. त्या आठवणींना नाव नाही, चेहरा नाही. मन जिंकल्यावरही देहाजवळ काही उरतं, आणि डोकी बदलून बसवणाऱ्या पद्मिनीची शोकांतिका त्या उरलेल्यातून होते.

उलट बाजूने पाहायचं तर 'झपाटलेला' आठवावा. 1993 च्या त्या चित्रपटात तात्या विंचू बाहुल्यात शिरतो, रामदास पाध्यांनी त्या बाहुल्यात जीव ओतला आणि दिलीप प्रभावळकरांच्या तात्याने महाराष्ट्रभरच्या मुलांची झोप उडवली. तात्या बाहुल्यात राहून तसूभर बदलत नाही. बदलणार कसा? लाकूड-कापडाला स्वतःची सवय नाही, त्याने कधी कुणाला कुशीत घेतलेलं नाही. देहाला द्यायला काही नसलं की आत शिरलेला जसाच्या तसा राहतो.

आणखी एक उदाहरण दिल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण ते व्यंगचित्रपटातलं आहे आणि म्हणून कुणी गंभीरपणे घेत नाही. 'जस्टिस लीग अनलिमिटेड' या मालिकेत 2006 मध्ये फ्लॅश आणि लेक्स ल्यूथर यांची मनं बदलली जातात. विजेच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅशच्या देहात गेलेला ल्यूथर पहिली गोष्ट करतो ती आरशासमोर उभं राहून मुखवटा काढण्याची. जगातलं एवढं मोठं रहस्य आता हाती लागणार! मुखवटा निघतो आणि तो पाहतच राहतो. हा कोण, त्याला काहीच कळत नाही. त्या चेहऱ्याला तो कधी भेटलेलाच नव्हता. चेहरा हाती आला तरी त्या चेहऱ्याची माणसं, त्याची गल्ली, त्याचे मित्र हाती आले नाहीत, तर ओळख कुठून हाती येणार? मार्था केंटला मुलाचा चेहरा समोर असताना परका दिसला, ल्यूथरला परक्याचा चेहरा स्वतःचा असताना काहीच दिसलं नाही. दोन्ही प्रसंग एकाच नाण्याच्या दोन बाजू.

दुसरीकडे फ्लॅश ल्यूथरच्या देहात, खलनायकांच्या घोळक्यात अडकलेला. त्याला दुष्ट वागून दाखवायचं आहे. स्वच्छतागृहातून तो हात न धुताच निघतो. कुणीतरी टोकतं, तर तो सांगतो की मी दुष्ट आहे म्हणून धुवत नाही. लोक इथे हसतात, मीही हसलो होतो. पण त्या हसण्यात एक फार सुंदर माहिती आहे. चांगल्या माणसाच्या कल्पनेत दुष्टपणाची धाव हात न धुण्यापर्यंतच जाते. जगातल्या सगळ्यात कपटी मेंदूचा देह त्याच्या ताब्यात आहे, आणि त्याला त्याहून वाईट काही सुचतच नाही. या भागात देहाबरोबर आवाजही गेला आहे, म्हणून फ्लॅशला आवाज देणारा मायकल रोझेनबाम इथे ल्यूथरचं मन बोलतो. आणि हाच रोझेनबाम तेव्हा 'स्मॉलव्हिल'मध्ये पडद्यावर लेक्स ल्यूथरचं काम करत होता. ज्याने वर्षानुवर्षं तो देह अंगावर घेतला, त्याला पुन्हा त्याच मनाचं काम दुसऱ्या देहातून करायला मिळालं.

मात्र या भागाने करार पाळला. शेवटी सगळं परत गेलं, मागे काही उरलं नाही, आणि म्हणून मला तो आवडत असूनही 'ट्रान्सफरन्स'एवढा खोल वाटत नाही. लायोनेलची गोष्ट पुढे चालू राहिली. पाचव्या हंगामात क्लार्कचा खरा बाप जॉर-एल, जो नष्ट झालेल्या ग्रहावरचा केवळ आवाज उरला आहे, तो बोलण्यासाठी लायोनेलच्याच देहाचा आधार घेतो. एकदा क्लार्कला जागा दिलेल्या देहाने आता क्लार्कच्या बापाला जागा दिली. माणूस सद्गुणी झाला असं म्हणता येणार नाही, तो डावपेच सोडत नाही, खोटंही बोलतो. पण क्लार्कच्या बाबतीत त्याचं काहीतरी बदललं ते बदललं.

मालिकेने हे टोकापर्यंत नेलं ते 2008 मध्ये, सातव्या हंगामातल्या 'डिसेंट' या भागात. क्लार्कचं रहस्य उलगडणारी किल्ली लेक्सला हवी आहे आणि ती बापाजवळ आहे. उंच इमारतीतल्या त्या खोलीत दोघेच आहेत. एका बाजूला तो मुलगा, ज्याचा देह लायोनेल चोरायला निघाला होता. लायोनेल वाचवतो आहे तो दुसऱ्याला, ज्याच्या देहात तो चुकून जाऊन आला होता. लेक्स बापाला खिडकीतून खाली ढकलतो. किल्ली लेक्सला मिळते, पण ती बापाने दिलेली नसते.